रेपोचं वर्षाचं प्लॅनिंग: ईपेलच्या वळणाने जावं की एयूआरच्या?

जानेवारी आला की रेपो (लिनक्सवर टाकायच्या सॉफ्टवेअर पॅकेजेसचं भांडार) चालवणाऱ्या ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच, यंदा अजून शंभर पॅकेजेस टाकू. हे टार्गेट सोडून कुठलंही धरा, कारण याने एक ना धड भाराभर चिंध्या होतात. चालू असलेल्या दोन पद्धती समोर आहेत, त्यातली तुम्हाला कुठली झेपेल ते बघा.

ईपेल म्हणजे फेडोरा लिनक्सच्या व्हॉलंटिअर्सनी रेल (रेड हॅटचं कंपन्यांसाठीचं लिनक्स) आणि त्याच घराण्यातल्या अल्मा, रॉकी, सेंटओएस स्ट्रीमवाल्यांसाठी चालवलेला जादा पॅकेजेसचा रेपो. इथे निम्मं प्लॅनिंग बाहेरूनच ठरून येतं, रेलचं मायनर (मधलं छोटं) व्हर्जन साधारण मे आणि नोव्हेंबरच्या आसपास येतं आणि त्याआधी काय रीबिल्ड करायचं, म्हणजे नव्याने बांधायचं, हा प्रश्न आपोआप समोर उभा राहतो. पूर्वी रेलमधली एखादी लायब्ररी बदलली की तिच्यावर बांधलेलं ईपेलचं पॅकेज इन्स्टॉलच व्हायचं नाही, आणि स्ट्रीमवर तो बदल आधी येत असल्यामुळे त्यांच्यासाठी ईपेल नेक्स्ट हा वेगळा रेपो ठेवावा लागला. ईपेल १० मध्ये ती भानगडच काढून टाकली: मुख्य ब्रँच स्ट्रीम १० च्या बरोबर चालते आणि प्रत्येक मायनर व्हर्जनची वेगळी ब्रँच निघते. म्हणजे वर्षात दोनदा तारीख गाठायची, बाकी वेळ बग्ज.

पण ईपेल महाग पडतं, पैशाने नाही, माणसांनी. फेडोरात पॅकेज आहे म्हणून ईपेलमध्ये आपोआप येत नाही, कोणीतरी अंगावर घ्यावं लागतं, अपडेट आधी टेस्टिंगमध्ये थांबतं, आणि जुन्याशी न जुळणारं व्हर्जन टाकायचं तर आधी चर्चा आणि कमिटीची मंजुरी. ईपेल ७ रेल ७ सोबत जून २०२४ मध्ये संपलं, पण ९ अजून २०३२ पर्यंत ओढायचंय. इतकी वर्षं लष्कराच्या भाकऱ्या कोण भाजणार हे पॅकेज घेतानाच विचारा.

एयूआरमध्ये, म्हणजे आर्च लिनक्सच्या युजर्सनीच भरलेल्या रेपोत, हा व्यापच नाही. आर्चवाला पीकेजीबिल्ड फाइल (पॅकेज बनवायची कृती) उतरवतो, मेकपीकेजी ही कमांड चालवतो, पॅकेज स्वतःच्या मशीनवर बनवतो. कॉमन टार्गेट वगैरे काही नाही, मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) गेला की पॅकेज अनाथ आणि ज्याला हवं त्याने दत्तक घ्यावं. आउट-ऑफ-डेट फ्लॅग (पॅकेज जुनं झाल्याची खूण) लागून १८० दिवस झाले की ते अनाथ करायची रिक्वेस्ट आपोआप मंजूर होते, हा नियम मला भारी आवडतो. पण दत्तक घेणारा कोण हे कोणी तपासत नाही, २०१८ मध्ये अनाथ झालेलं अॅक्रोरीड हे पीडीएफ वाचायचं पॅकेज असंच कोणीतरी घेतलं आणि त्यात नको तो कोड घुसवला.

त्यामुळे लोक तुमची पॅकेजेस सर्व्हरवर टाकत असतील तर ईपेलचंच कॅलेंडर घ्या, दुसरा विचार नको. दोन-चार जणांचाच ग्रुप असेल तरी कॅलेंडर तेच, फक्त एयूआरचा अनाथ नियम जोडा, मुदत १८० दिवसांपेक्षा कमी ठेवा आणि दत्तक देण्याआधी माणूस ओळखीचा आहे का बघा. लिहून ठेवायची टार्गेट्स दोनच पुरतात, प्रत्येक पॅकेजमागे दोन नावं आणि मायनर व्हर्जनच्या महिनाभर आधी काढून टाकायच्या पॅकेजेसची यादी. वेळ उरला तर इन्स्टॉलचं पान नीट लिहा, कारण ईपेलमध्येसुद्धा सीआरबी हा जोडीचा रेपो चालू न करताच लोक पॅकेज टाकायला जातात, डिपेंडन्सी (त्याला लागणारी दुसरी पॅकेजेस) मिळत नाही आणि शिव्या मेंटेनरला.