नाशिकला खोली: ॲपवरून की थेट फोन करून?

ॲपवरचा भाव आधी डोळ्यांत भरतो, पण पैसे भरायच्या पानावर जीएसटी आणि सेवा शुल्क जोडलं की आकडा फुगतो. तुलना त्या शेवटच्या आकड्याशीच करायची. काही साइटवर तर हॉटेलचं नाव पैसे भरल्यावरच कळतं. फक्त तारे आणि परिसर दिसतो. असा सौदा स्वस्त असतो, पण बहुतेक वेळा रद्द करता येत नाही. पहाटे रामकुंडावर जायचं असेल आणि खोली निघाली शहराच्या दुसऱ्या टोकाला, अंबडच्या औद्योगिक भागात, तर वाचलेले पैसे रिक्षावालाच घेऊन जाणार!

थेट फोनचं गणित वेगळं. ॲपला द्यावं लागणारं कमिशन वाचतं, म्हणून मालकाच्या हातात थोडी सूट असते. सरळ विचारायचं, "दादा, ॲपवर एवढा दाखवतायत, तुम्ही कितीला द्याल?" भाव नाहीच उतरला तरी नाश्ता किंवा लवकर चेक-इन पदरात पडतं. मात्र भाव व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आठवड्याच्या मधल्या वारी नाशिकच्या द्वारका चौक, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) या भागांत फोनच बरा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते, तेव्हा मोफत रद्द होणारी खोली ॲपवर आधी अडकवून मग फोनाफोनी करावी. २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात घासाघीस विसराच.