इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा: अर्ध्याहून जास्त कोर्स झाल्यावरचा अनुभव

नोकरी करता करता इंटिरिअर डिझाइनचा एक वर्षाचा डिप्लोमा करतेय, अर्ध्याहून जास्त कोर्स झालाय. संध्याकाळी स्टुडिओ, सुट्टीच्या दिवशी साइट व्हिजिट आणि सॉफ्टवेअरचे व्हिडिओ घरी बघायचे अशी रचना आहे. आधीच सांगते, मला कोर्स आवडलाय आणि मी तो पूर्ण करणार आहे, पण ज्या गोष्टींची जाहिरात सगळ्यात जास्त होती त्या गोष्टींमुळे नाही. जाहिरातीत सगळीकडे थ्रीडी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली खोलीची खऱ्यासारखी चित्रं, होती. प्रत्यक्षात पैसे वसूल झाले ते हाताने काढलेल्या ड्रॉइंगमुळे, मटेरियलच्या वर्गामुळे आणि साइटमुळे.

सुरुवातीचे कित्येक आठवडे कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. ड्रॉइंग बोर्ड, सेट स्क्वेअर, स्केल. आधी खोलीची मापं घेऊन प्लॅन १:५० मध्ये (म्हणजे प्रत्यक्षाच्या पन्नासाव्या भागाएवढा) काढायचा, मग फर्निचरचं डिटेल १:२० किंवा १:५ मध्ये, भिंत कापलेली दाखवायची तर रेष जाड, फर्निचरची त्याहून बारीक, आणि हे सगळं जमेपर्यंत परत परत काढायचं. बॅचमधले काही जण वैतागले होते, आजकाल हे कोण करतं म्हणून, पण मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण हाताने काढताना माप डोक्यात बसतं. बसायची खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर उंच, जेवणाचं टेबल ७५, ओटा ८५ ते ९० आणि तोही वापरणाऱ्याच्या उंचीप्रमाणे बदलायचा, दोन माणसं आरामात ये-जा करतील असा पॅसेज किती, व्हीलचेअर पूर्ण वळवायला सुमारे १५० सेंटिमीटरचं वर्तुळ मोकळं लागतं. हे आकडे पुस्तकात कुणालाही मिळतात. पण आम्हाला जमिनीवर टेप चिकटवून ते वर्तुळ आखायला लावलं आणि मग आपापल्या प्लॅनमधलं बाथरूम बघायला सांगितलं, तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली, कारण जवळजवळ कुणाच्याच बाथरूममध्ये ते बसत नव्हतं.

मटेरियलचा वर्ग तर मी कुणालाही जाऊन बसा म्हणून सांगेन. प्लाय आणि लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेले एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांचे तुकडे हातात घेऊन बघायचे, कडेला स्क्रू मारून बघायचा, पाण्यात ठेवून फुगतात कसे ते बघायचं. लाइटिंगसुद्धा त्याच वर्गात होतं. २७०० केल्विनचा पिवळट उजेड आणि ४००० केल्विनचा पांढरा उजेड यात एकाच लॅमिनेटचा रंग किती बदलतो, आणि कलर रेंडरिंग इंडेक्स (दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर असलेला दिवा आणि हलक्या दर्जाचा दिवा यात कापड किती वेगळं दिसतं. पडद्याचं कापड आणि सोफ्याचं कापड दुकानातल्या उजेडात अगदी जुळतात आणि खिडकीजवळ नेले की वेगळे दिसतात, याला मेटॅमेरिझम म्हणतात, आणि हे एकदा डोळ्यांनी बघितलं की सॅम्पल बघायचं ते ज्या खोलीत लागणार तिथेच, दिवसा आणि रात्री, ही सवय आपोआप लागते.

साइट व्हिजिटबद्दल थोडं जास्त लिहिते कारण कोर्स निवडताना लोक याच्याकडे बघतच नाहीत. एका साइटवर सुतारकाकांनी समजावलं की कपाटाची खोली (डेप्थ) ६०० मिलिमीटर का धरतात. कपडे हँगरला नीट मावतात हे एक कारण आहेच, पण प्लायची शीट येते २४४० बाय १२२० ची, तिच्या रुंदीत ६०० च्या दोन पट्ट्या निघतात आणि करवतीचं पातं जे दोन-तीन मिलिमीटर खातं तेही त्यात बसतं. आता समजा कुणी दिसायला बरं म्हणून साइड पॅनल ६२० चं काढलं, तर एका शीटमधून रुंदीत एकच पट्टी निघणार, बाकीचा तुकडा दुसरीकडे वापरता आला तर ठीक नाहीतर वाया, आणि तो खर्च क्लायंटच्या माथी. तेव्हापासून कुठलंही फर्निचर काढायच्या आधी मी शीटचं कटिंग आखून बघते. स्विचबोर्ड कपाटाच्या शटरमागे जाणं, दार उघडल्यावर ड्रॉवर अडणं, फॉल्स सीलिंगमधला दिवा आणि एसीची पाइप एकाच जागी येणं, हे सगळं कागदावर पकडता येतं पण त्यासाठी प्लॅन, एलिव्हेशन (भिंत समोरून कशी दिसेल ते ड्रॉइंग), सीलिंगचं ड्रॉइंग आणि इलेक्ट्रिकल लेआउट एकमेकांवर ठेवून बघायची सवय लागते, आणि ती साइटवर अडलेलं काम बघितल्याशिवाय लागत नाही असं माझं ठाम मत झालंय.

इतिहासाकडून काही अपेक्षा नव्हती पण तो छान निघाला. १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला बाउहाउस ही डिझाइनची शाळा सुरू झाली, तिथे सुरुवातीला योहानेस इटेन यांचा प्राथमिक कोर्स असायचा आणि विद्यार्थ्याला रंग, आकार, मटेरियल हातांनी हाताळायला लावायचे. आमचा स्टुडिओ अजूनही बराचसा त्याच वाटेने चालतो. आणि १९२६ चं फ्रँकफर्ट किचन, मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी केलेलं, स्वयंपाक करणाऱ्या बाईला ओट्यापासून सिंकपर्यंत किती पावलं टाकावी लागतात याचा विचार करून त्यांनी एवढ्याशा जागेत सगळं बसवलं, ते बघून मी तर भारावून गेले.

आता कमी पडलेलं. सॉफ्टवेअरचे व्हिडिओ जुन्या व्हर्जनचे आहेत, मेनू जुळत नाहीत, शंका विचारली की उत्तर यायला दिवस जातात. ऑटोकॅड आणि स्केचअप शेवटी मी बाहेरचे फुकट व्हिडिओ बघूनच शिकले, आणि ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर तर फुकटच मिळतं. त्याहून मोठी खंत म्हणजे बीओक्यू (कामाची आणि मालाची मोजमापांसकट यादी), फी कशी ठरवायची, करारात काय लिहायचं, काम वाढलं तर पैसे कसे मागायचे, यावर जेमतेम एक-दोन लेक्चर झाली. ज्याला स्वतःचं काम सुरू करायचंय त्याला हे रेंडरपेक्षा दहापट जास्त लागणार आहे आणि याच्यावर अख्खी टर्म हवी होती.

बाकीच्या मार्गांचंही बरेच जण विचारतात. वेळ असेल आणि वय लहान असेल तर तीन-चार वर्षांची डिग्रीच करा, कारण स्टुडिओत चुका काढून घ्यायला तेवढा वेळ लागतो. आर्किटेक्चर करून इंटिरिअरकडे आलेल्यांचा पाया पक्का असतो, स्ट्रक्चर आणि सर्व्हिसेस (पाणी, वीज वगैरे) त्यांना येतात. एखाद्या डिझाइनरकडे थेट कामाला लागलात तर साइट भरपूर मिळेल, पण अमुक असंच का हे समजावून सांगायला तिथे कुणाला वेळ नसतो, ते वाचन आपणच करायचं. काही आठवड्यांचे ऑनलाइन कोर्स आपल्याला हे आवडतंय का बघायला ठीक आहेत, त्यावर करिअर उभं राहणार नाही. आणि एक गोष्ट आधीच तपासा, काम करायचंय त्या देशात नियम काय आहेत. अमेरिका आणि कॅनडात एनसीआयडीक्यू नावाची तीन भागांची परीक्षा आहे, तिच्यासाठी शिक्षणाबरोबर ठरावीक तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि तिथल्या काही ठिकाणी परवाना किंवा नोंदणी तिच्यावर अवलंबून असते. अशा ठिकाणी जायचं मनात असेल तर छोटा डिप्लोमा करून पुढे अडकाल.

ॲडमिशनला जाल तेव्हा तिथे भिंतीवर लावलेले रेंडर बघून घ्या पण मागच्या बॅचच्या एखाद्या विद्यार्थ्याची वर्किंग ड्रॉइंगची (ज्यावरून साइटवर काम होतं त्या ड्रॉइंगची) फाइल मागा, त्यावर लाल पेनाने किती दुरुस्त्या आहेत ते बघा, मटेरियल लायब्ररी खरंच उघडून दाखवतात का बघा आणि शिकवणाऱ्यांपैकी कितीजण स्वतः सध्या साइट करतायत ते विचारा. चित्रकला चांगली नाही म्हणून घाबरून थांबलेले बरेच भेटतात, त्यांच्यासाठी एवढंच की आमच्या बॅचमध्ये सगळ्यात नेमकी ड्रॉइंग काढणारी मुलगी अकाउंट्समधून आलीये आणि तिला आजही माणसाचं चित्र काढता येत नाही.