स्टॅम्प्ड काँक्रीट: काम चांगलं झालं, सीलरने माती केली

पार्किंग आणि घरासमोरच्या पॅसेजला स्टॅम्प्ड काँक्रीट (ओल्या काँक्रीटवर साचे दाबून दगड-फरशीसारखी नक्षी उठवतात ते) करून घेतलं, त्यावरून एक पावसाळा गेला, आता उन्हाळा संपत आलाय. लिहायला बसलो कारण गेटजवळचं सीलर, म्हणजे वरून मारलेला चकचकीत संरक्षक थर, आता झाडू मारला तरी पोपड्यासारखं निघतंय. पॅटर्न कुठला, रंग कुठला वगैरे तुम्ही सगळं बघूनच आलेले असाल, त्यात वेळ घालवत नाही. मला फक्त सीलरबद्दल बोलायचंय, कारण सगळा पैसा काँक्रीटमध्ये जातो आणि दिसतं मात्र वरचं सीलर.

आधी कॉन्ट्रॅक्टरचं जे चांगलं ते सांगतो. खालची भर नीट ठोकून घेतली, जाळी जमिनीवर टाकून न देता खाली ठोकळे लावून उचलून धरली, घराकडून बाहेर ढाळ दिला (फुटाला पाव इंच म्हणाला होता, आणि पाणी खरंच कुठे साचत नाही). माल घट्ट होतोय म्हणून पोरं पाइप घेऊन धावली तेव्हा त्यानेच ओरडून थांबवलं, कारण वरून पाणी मारलं की पृष्ठभाग कच्चा राहतो आणि पुढे त्याची पावडर सुटते. हे बघून मी निश्चिंत झालो होतो.

पावसाळ्याच्या आधी पॅसेजमध्ये केसासारखी एक रेघ दिसली आणि माझं डोकंच फिरलं. इतके पैसे घालून तडा? फोनवर बरंच बोललो. कॉन्ट्रॅक्टर आला, खाली बसला आणि दाखवलं की रेघ बरोबर कटरने मारलेल्या जॉइंटच्या (मुद्दाम कापलेल्या खाचेच्या) तळाशी आहे, बाहेर कुठेच नाही. चार इंचाच्या स्लॅबला आठ-दहा फुटांवर जॉइंट आणि खोली जाडीच्या पाव, म्हणजे एक इंच, हे त्याने केलं होतं. काँक्रीट वाळताना आकसतं, तडा जाणारच, तो कुठे जावा एवढंच आपल्या हातात असतं. तेव्हा भेगेबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतली. उलट ज्यांच्याकडे जॉइंट कमी मारलेत त्यांच्याकडे भेग पॅटर्नच्या मधून तिरकी जाते, आणि ती कशानेच लपत नाही.

पण सीलर. सीलर मारायच्या दिवशी मूळ कॉन्ट्रॅक्टर आलाच नाही, दोन पोरं पाठवली. काँक्रीट ओतून महिनाही झाला नव्हता (साधारण २८ दिवस थांबायला सांगतात), आदल्या दिवशी धुतलेलं, सावलीतला भाग अजून गडद दिसत होता. मी विचारलं, तर म्हणाली, "वरून सुकलंय साहेब, चालतं." रोलरने जाड थर ओढला, चकाकी बघून शेजारीपाजारी सगळे खूश. पहिल्या पावसानंतर सावलीतल्या भागावर दुधट पांढरे ढग उठले. लाल-तपकिरी रंगावर कोणीतरी दह्याचं पाणी सांडल्यासारखं. ऊन पडलं की थोडं कमी, परत पाऊस की परत तेच.

आता वाद सुरू. कॉन्ट्रॅक्टर एकदा म्हणाला सिमेंटमधले क्षार वर आलेत, ब्रशने जातील. ब्रशने घासलं, नाही गेले, कारण ढग सीलरच्या खाली होता, वर नाही. मग म्हणाला अजून एक कोट मारून देतो. याला मी ठाम नकार दिला, आणि तुम्हीही द्या. अॅक्रिलिक सीलरचा पापुद्रा बनतो, खालची ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही आणि पांढरी दिसते, त्यावर अजून थर म्हणजे ओल आणखीच कोंडायची. शेवटी बऱ्याच बोलाचालीनंतर पाऊस उघडल्यावर तो स्वतः आला, सलग कोरडे दिवस बघून कोपऱ्यात थोडं झायलीन (सीलर विरघळवणारं सॉल्व्हंट) मारून रोलर फिरवला. सॉल्व्हंटवालं सीलर त्याने परत मऊ होतं आणि ओल निघून जाते. माझ्या डोळ्यांसमोर तो तुकडा स्वच्छ झाला, खरं सांगतो, आनंद झाला. (वास फार उग्र असतो, मास्क-हातमोजे हवेत, जवळ आग नको, आणि पाण्यावर आधारित सीलर असेल तर हा उपाय धरू नका.) सावलीचा बहुतेक भाग त्याने सुधारला, त्याबद्दल त्याचे आभार.

गेटजवळ मात्र नाही सुधारलं. तिथे पोपडा उचलून पाहिला तर मागच्या बाजूला गडद पावडर चिकटलेली, बोटाला लागली. ही रिलीज पावडर, साचा चिकटू नये म्हणून टाकतात. ती नीट धुतलीच नाही त्या पोरांनी, सीलर काँक्रीटला न धरता पावडरला धरून बसलं. आता तेवढा पट्टा पूर्ण खरवडून परत करावा लागणार, आणि तो खर्च कोणाचा यावर अजून बोलणं चालू आहे.

त्यामुळे करारात सीलर वेगळं लिहून घ्या: कुठलं, किती पातळ कोट, कोण मारणार, आणि त्याचे पैसे शेवटी. मारायच्या आधी दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवा, खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला म्हणजे ओल अजून आहे, काम पुढे ढकला. कडक उन्हात मारू देऊ नका, बुडबुडे येतात.

रोजचं म्हणाल तर सोपं आहे. साधा साबण आणि मऊ ब्रश, अॅसिड अजिबात नाही, तेल सांडलं की लगेच टिपायचं, कुंड्यांखाली रबरी मॅट नाही कारण ओल तिथेही कोंडते. पाण्याचे थेंब उभे राहायचे बंद झाले, पाणी मुरायला लागलं की मगच नवीन कोट, साधारण दोन-तीन वर्षांनी. ओलं झाल्यावर पॅसेजवर पाय सरकतो, आई भिंत धरून चालते. म्हणून पुढच्या कोटात बारीक ग्रिट (पाय सरकू नये म्हणून खरखरीत कण) मिसळून घेणार आहे, चकाकी कमी झाली तरी चालेल.