वळिवड्याच्या आठवणी टिपायच्या आहेत? झूम एच१एन या कामाला कितपत पुरतो

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. तिथल्या शाळेत गेलेली मुलं आज नव्वदीच्या आगेमागे आहेत, आणि इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशी पांगलेली. त्यांच्याशी मुंबईतून व्हिडिओ कॉलवर बोलायचं, किंवा त्या काळचं कोल्हापूर पाहिलेल्या आजी-आजोबांना दादर-गिरगावातल्या त्यांच्या घरी बोलतं करायचं, एवढ्याच कामासाठी हा रेकॉर्डर इथे तपासला आहे. गाणंबजावणं करणाऱ्यांनी हे परीक्षण सोडून द्यावं.

वजन साठेक ग्रॅम, दोन ट्रिपल-ए सेल, वर दोन माइक. खरी जमेची बाजू म्हणजे बटणं. लो कट (खालची घरघर गाळणारा), ऑटो लेव्हल (आवाजाची पातळी आपोआप बदलणारं) आणि लिमिटर (एकदम चढलेला आवाज आवरणारा) तिन्ही दर्शनी भागावर आहेत, मेनूत शिरावं लागत नाही. समोर नव्वदीचं माणूस बोलायच्या लयीत आलेलं असताना मान खाली घालून मेनू धुंडाळत बसण्यासारखा अपशकुन नाही.

त्यातलं ऑटो लेव्हल मात्र बंदच ठेवा. सोव्हिएत राजवटीने घरातून उचलून आगगाडीने कझाकस्तानात उतरवलं तो दिवस किंवा वाटेत गेलेलं भावंड, अशा ठिकाणी बोलणारा दहा-पंधरा सेकंद गप्प होतो. ऑटो लेव्हलला ती शांतता म्हणजे ‘आवाज कमी पडला’ असं वाटतं. ते पातळी चढवत जातं आणि डोक्यावरचा पंखा, फ्रिज, खिडकीतला कावळा सगळं फुगून वर येतं. पुढचा शब्द त्या गोंगाटातच आदळतो, आणि हे नंतर दुरुस्त होत नाही. त्यापेक्षा आधी दोन मिनिटं ‘सकाळी काय खाल्लंत’ विचारून पातळीची डायल अशी लावा की बोलण्याची शिखरं पडद्यावरच्या मीटरमध्ये उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील. लिमिटर चालू असू द्या. वळिवड्यात स्काउटची पथकं होती. पथकातलं जुनं गाणं आठवलं की आवाज एकदम दुप्पट होतो.

हा हातात धरायचा रेकॉर्डर नव्हे. प्लॅस्टिकच्या अंगावर बोट सरकलं तरी खरखर येते. मागे ट्रायपॉडचा आटा आहे. छोटा ट्रायपॉड नसेल तर चौघडी केलेल्या पंच्यावर ठेवा, म्हणजे टेबलावर कपबशी ठेवल्याचा धक्का माइकपर्यंत जात नाही. तोंडापासून अंतर ३० ते ४० सेंटीमीटर. मीटरभर लांब ठेवलात तर बोलणाऱ्यापेक्षा खोलीच जास्त ऐकू येईल. लो कट ८० हर्ट्झवर ठेवला की पंख्याची घरघर थोडी उतरते, पण पंखा बंद करण्याला तोड नाही. मुंबईत मे महिन्यात हे सांगणं क्रूरपणाचं आहे हे मान्य, म्हणून वीस मिनिटं बोलणं आणि पाच मिनिटं पंखा अशी वाटणी करा. वेळ दुपारची बरी, कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात. शेजारी पुनर्विकासाचं काम असेल तर रविवार गाठा.

परदेशातल्या माणसाशी कॉलवर बोलताना लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून साध्या तीन-कप्पी (पिनवर दोन रेघा असलेल्या) स्टिरिओ केबलने रेकॉर्डरच्या इनपुटला जोडणी होते. लॅपटॉपचा आवाज तिसऱ्या हिश्श्यापासून सुरू करा. पूर्ण ठेवला तर आवाज फाटतो. मोबाइलसाठीच्या कॉलर माइकची पिन बहुधा चार-कप्पी (तीन रेघांची) असते, ती अॅडॅप्टरशिवाय नीट चालत नाही. तीन-कप्पी पिनचा कॉलर माइक लावल्यास मेनूतली प्लग-इन पॉवर (रेकॉर्डरने माइकला पुरवायची वीज) चालू करावी लागते, नाहीतर फाइल कोरी निघते. तरीही कॉलचा आवाज हा दाबलेला आवाज. तिकडच्या नातवाला त्याच्या फोनवर वेगळं रेकॉर्डिंग करायला सांगा, सुरुवातीला त्याला एक टाळी वाजवायला लावा आणि नंतर त्या टाळीवर दोन्ही फाइली जुळवा. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तिथली सकाळची ११ ची वेळ म्हाताऱ्या माणसांना सोसते.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जावर तासाला साधारण एक जीबी जागा लागते. मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच चालतं, म्हणजे तीसेक तास. मूळ प्रत एमपी३ मध्ये घेऊ नका. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर मेनूत तसा प्रकार निवडा, नाहीतर बॅटरीची खूण चुकीची दिसते. सेल बरेच दिवस काढून ठेवले असतील तर तारीख-वेळही तपासा.

काही गोष्टी मात्र यंत्राच्या हातात नाहीत. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तारीख, जागा, संमती आणि बाईंचं माहेरचं आडनाव बोलून घ्या. छावणीत त्या वडिलांच्या नावाने होत्या आणि आज नवऱ्याच्या. माहेरचं नाव नसेल तर जुन्या यादीत शोध अडतो. गावांची नावं बोलणाऱ्याने म्हटली तशीच उतरवा: त्यांचं विल्नो आजचं विल्निअस, आणि ल्वूफ म्हणजे ल्विव. इकडे छावणीच्या जागेवर नंतर सिंधी निर्वासित आले आणि ते गांधीनगर झालं, म्हणून कोल्हापूरकर बोलत असतील तर ‘कोणती छावणी, पोलिश की नंतरची?’ हे तिथल्या तिथे विचारा. सनावळी विचारून उपयोग नाही. ‘तेव्हा तुम्ही कितवीत होता?’ याला उत्तर मिळतं.

याच मालिकेतला नवा एच१ एसेन्शियल ३२ बिट फ्लोटवर चालतो, म्हणजे फार हळू किंवा फार मोठा आवाजही न फाटता टिपतो, त्यामुळे पातळी लावण्याची कटकट संपते. पण फाइल मोठी होते, तासाला सुमारे १.४ जीबी, आणि पंखा त्यातही तितकाच ऐकू येतो. नवशिक्यांनी तोच घ्यावा. हेडफोन लावून पातळीवर लक्ष ठेवणारं कुणी सोबत असेल तर जुना एच१एन पुरेसा आहे. लॅमिंग्टन रोडवर घेताना दुकानातच पाच मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, आणि कार्ड बनावट नाही ना ते घरी पूर्ण भरून तपासल्याशिवाय पहिल्या मुलाखतीला नेऊ नका.