मोटरहोमच्या गॅसवर ग्रिल: छोटी बाटली, टाकीजवळची टी की बाहेरचा कॉक?

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन निघालात आणि बाहेर ग्रिल लावायची तर गॅस कुठून घ्यायचा, हा प्रश्न पहिल्या एकदोन मुक्कामांत पडतच नाही. अर्ध्या किलोची छोटी बाटली फिरवून बसवली की झालं. प्रश्न पडतो तो नंतर. गाडीच्या पोटाखाली भरलेली टाकी घेऊन फिरतोय आणि वर सामानाच्या कप्प्यात बाटल्यांचा खडखडाटही वाहतोय, हे एके दिवशी खटकायला लागतं. तिथून दोन वाटा फुटतात. एक म्हणजे टाकीच्या तोंडाशी, रेग्युलेटरच्या आधी, टी (तीन तोंडांचा जोड) बसवून जास्त दाबाचा गॅस बाहेर काढायचा. दुसरी म्हणजे रेग्युलेटरच्या पुढचा, घरातल्या शेगडीला जातो तोच कमी दाबाचा गॅस, गाडीच्या बाहेरच्या अंगाला कॉक आणि क्विक कनेक्ट (नळी खुपसली की टक् बसणारा जोड) बसवून घ्यायचा.

तिन्ही प्रकार माझे वापरून झालेत. बाटली दोन वर्षं, टी एक हंगाम, आणि आता बाहेरचा कॉक. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. गळती साबणाच्या पाण्याने तपासायची, ग्रिल कापडी छपराखाली किंवा खिडकीला चिकटून ठेवायची नाही, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. आणि हे सगळं टाकी चेसिसला पक्की बसवलेल्या मोटरहोमबद्दल आहे. सिलिंडर उचलून नेता येतो अशा ट्रेलरचं गणित थोडं वेगळं पडतं.

बाटलीबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण पुढे मी तिच्यावर जरा उखडणार आहे. बाटलीवरची ग्रिल कुठेही ठेवता येते. वारा फिरला, धूर दारातून आत यायला लागला, की ग्रिल उचलून पलीकडे. गाडीपासून वीस पावलांवर टेबल असेल तर तिथे. ग्रिलमध्ये काही बदलावं लागत नाही, गाडीत काही कापावं लागत नाही. ताशी दहा हजार बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) ग्रिल पूर्ण आचेवर ठेवली तर ४५४ ग्रॅमची बाटली साधारण दोन तास जाते, हे कागदावरचं गणितही बरोबर आहे.

कागदावर म्हटलं ते मुद्दाम. एका थंडगार संध्याकाळी, अर्ध्याअधिक वापरलेली बाटली लावून मी ग्रिल पेटवली. वीसेक मिनिटं मस्त चाललं. मग ज्योत हळूहळू खाली बसायला लागली. नॉब पूर्ण उघडा, तरी ज्योत निळ्या टिकल्यांएवढी. जाळीवरचं सगळं एका बाजूने काळं आणि दुसऱ्या बाजूने कच्चं. बाटलीला हात लावला तर बर्फगार, बुडाकडच्या तीनचार बोटांवर पांढरं दव धरलेलं. संपली म्हणून काढली, टॉर्च दातात धरून दुसरी लावली. पितळी आटे अंधारात तिरके बसले, फुस्स झालं, पुन्हा काढून सरळ बसवली. सकाळी आवराआवर करताना ती ‘रिकामी’ बाटली सहज हलवली, तर आत चुळूक चुळूक. चहाच्या शेगडीला लावून पाहिली, फर्रकन पेटली.

यात बाटलीचा दोष नाही. द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते, आणि ती उष्णता तो उरलेल्या द्रवातून आणि बाटलीच्या पत्र्यातून ओढून घेतो. द्रव जेवढा थोडा, तेवढा तो लवकर गार पडतो. बाटलीतला गॅस, म्हणजे प्रोपेन, उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो हे खरं, पण उकळणं वेगळं आणि जोर असणं वेगळं. २० अंशांना बाटलीत सात बारच्या वर दाब असतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). शून्याला तो जवळपास निम्मा होतो. कॅम्पिंगच्या ज्या बाटल्यांत ब्युटेन मिसळलेला असतो तिथे तर आणखी पंचाईत, कारण प्रोपेन आधी निघून जातो आणि मागे उरलेला ब्युटेन शून्याच्या आसपास उकळायचाच थांबतो. थोडक्यात बाटली संपत नाही, दमते. आणि संपलेली कुठली, दमलेली कुठली, हे ग्रिलसमोर उभं राहून कळत नाही.

(दमट हवेत ते दव मात्र कामाला येतं. ते जिथपर्यंत चढतं तिथपर्यंत द्रव आहे असं समजायचं. मला हे दुसऱ्या वर्षी कळलं.)

त्या एका संध्याकाळवरून मी एवढा निर्णय घेतला नसता. पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कप्पा रिकामा केला तेव्हा आत नऊ बाटल्या निघाल्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक ठेवून पाहिली. खरोखर रिकाम्या दोनच. बाकीच्या सातांत थोडा थोडा जीव होता, पण त्यातली एकही पूर्ण संध्याकाळ पुरेल अशी नव्हती. एकदा वापरून टाकायच्या बाटल्या या, भरून घेता येत नाहीत, आणि गॅस असलेली बाटली कचऱ्यातही टाकता येत नाही. तुम्हाला कदाचित याचा त्रास होणार नाही. मला झाला, आणि बाकीच्या सगळ्या फायद्यांवर तो भारी पडला. दोनअडीच किलोचा, पुन्हा भरता येणारा सिलिंडर घेतला तर हा त्रास बराच कमी होतो, हेही मान्य. तो एवढ्या लवकर दमत नाही. पण तो उभाच ठेवावा लागतो, आणि माझ्या कप्प्याची उंची तेवढी नव्हती.

मग टी. टीचं आकर्षण हे की ग्रिलला हात लावावा लागत नाही. छोट्या बाटलीसाठी बनवलेल्या ग्रिलचा रेग्युलेटर टाकीचा पूर्ण दाब गृहीत धरूनच केलेला असतो, आणि टीमधून त्याला तोच मिळतो. टाकी मोठी, आत द्रव भरपूर, त्यामुळे दमण्याचा प्रश्न जवळजवळ संपतो. ज्योत पहिल्या दिवशीच अशी निघाली की मी जाळीपासून मागे सरकलो.

खटकलं ते नळीचं. टीपासून ग्रिलपर्यंतच्या नळीत टाकीचा अख्खा दाब असतो, उन्हाळ्याच्या दुपारी दहा बारच्या पुढे. नळी त्याच दाबासाठी बनवलेली असली तरी ती जमिनीवर पडलेली असते, आणि जमिनीवर पडलेल्या वस्तूवर लोक पाय देतात, खुर्च्या ठेवतात. दुसरं, संध्याकाळी नळी टाकीपेक्षा लवकर गार होते आणि टाकीतून आलेला गॅस तिच्यात थोडा थोडा पुन्हा द्रव होतो. मग नळीच्या खोलगट भागात साचलेला थेंबभर प्रोपेन मधूनच पुढे सरकतो आणि ज्योत भडकते, फडफडते. माझ्याकडे असं दोनदा झालं. फार मोठं काही नाही, पण नळीकडे पाठ करून बसायची इच्छा गेली ती गेलीच. शिवाय टाकीची झडप एकदम उघडली की आतली सुरक्षेची झडप ‘नळी फुटली’ असं समजून प्रवाह अडवते. बंद करा, मिनिटभर थांबा, अगदी हळू उघडा. हे रोज करायला कंटाळा येतो. टाकीचं दार गाडीच्या ज्या बाजूला असेल तिथूनच नळी निघणार, हा आणखी एक त्रास. माझ्या गाडीत ते नेमकं बसायच्या जागेच्या उलट बाजूला आहे.

बाहेरच्या कॉकवर मी आलो तो थोडा रडतखडतच. पहिल्या दिवशी क्विक कनेक्ट जोडला, आपली जुनी ग्रिल लावली, पेटवली, आणि ज्योत आली समईच्या वातीएवढी. दोन वर्षं बाटलीला शिव्या घालून शेवटी हे, असं वाटलं. चूक माझी होती, आणि ही चूक इतके जण करतात की इथे जरा थांबतो.

गाडीचा रेग्युलेटर टाकीचा दाब दोन टप्प्यांत उतरवतो. अमेरिकी गाड्यांत शेवटी उरतो तो ११ इंच पाण्याचा दाब (११ इंच उंच पाणी तळाशी देतं तेवढा), म्हणजे अर्ध्या पीएसआयपेक्षाही (पाउंड प्रति चौरस इंच) कमी. युरोपातल्या नव्या गाड्यांत ३० मिलीबार, जे जवळपास तेवढंच आहे. जुन्या जर्मन गाड्यांत ५०. आता ग्रिलच्या रेग्युलेटरला हवा असतो टाकीचा दाब. त्याच्या तोंडाशी एवढासा दाब आला की तो पुढे आणखी कमी सोडतो. एकामागे एक दोन रेग्युलेटर कधीही लावू नयेत ते यासाठी. गाडीचा आहे, ग्रिलचा काढायचा.

तो काढता येतो का, यावर सगळं अवलंबून आहे. काही ग्रिलना नळी आणि रेग्युलेटर वेगळा असतो आणि नॉबच्या मागे दाब मुळात ११ इंचच असतो. तिथे रेग्युलेटर काढून सरळ नळी लावली की काम फत्ते. ज्या छोट्या ग्रिलमध्ये नॉब आणि रेग्युलेटर एकाच पितळी ठोकळ्यात असतात आणि बाटली थेट त्यावर बसते, त्यांच्या बर्नरचं जेट (गॅस सुटतो ते बारीक भोक) बहुधा जास्त दाबासाठी बारीक पाडलेलं असतं. अशा ग्रिलचा नुसता ठोकळा काढून उपयोग नाही. जेटमधून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दाब चौथाई झाला की गॅस निम्मा. म्हणून नॉबची कमी दाबाची झडप आणि तिला जुळणारं मोठं जेट, दोन्ही त्या ग्रिलसाठीच केलेले मिळत असतील तर घ्या. ड्रिलने भोक मोठं करणारे लोक आहेत. मी नाही केलं, सुचवणारही नाही. उलटी चूक तर आणखी वाईट: रेग्युलेटर काढलेली ग्रिल विसरून टीला किंवा बाटलीला लावली की आगीचा लोळ येतो. माझ्या ग्रिलच्या नळीला म्हणूनच फक्त क्विक कनेक्टचं टोक आहे, बाटलीचे आटे त्यावर बसूच शकत नाहीत.

मी शेवटी जुनी ग्रिल एका मित्राला दिली आणि कमी दाबावर चालणारी घेतली. तेव्हापासून रोजचा क्रम असा: कॉकवरची रबरी टोपी काढायची, बाहेरची कडी मागे ओढायची, नळीचं टोक खुपसायचं, टक्. कॉक उघडायचा, पेटवायचं. आवरताना आधी गाडीकडचा कॉक बंद करतो आणि बर्नर तसाच जळू देतो. दहा-पंधरा सेकंदांत नळीतला गॅस संपून ज्योत विझते, मग नॉब बंद. नळी गुंडाळून कप्प्यात टाकली तरी वास येत नाही. टोपी मात्र दोन्ही टोकांना हवीच, माती तर जातेच आणि कोळ्यांनाही ती भोकं फार आवडतात.

यात खोट नाही असं नाही. नळी जाईल तिथेच ग्रिल. कॉक दाराजवळ असला तर नळी पायात येते. मी ती पायरीच्या मागून वळवून नेतो. फार लांब किंवा बारीक नळी घेतली तर एवढ्याशा दाबातला थोडा वाटेतच खर्च होतो, म्हणून चार मीटरवर थांबलो. आणि आत हीटर सुरू झाला की माझ्या ग्रिलची ज्योत किंचित डुलते. भाजण्यात फरक पडलेला मला तरी जाणवला नाही.

टाकीबद्दल एक भीती बरेच जण बोलून दाखवतात: ग्रिलने टाकी संपवली तर भरायला अख्खं घर हलवावं लागेल. गाडीचे टेकू वर, कापडी छप्पर आत, पाण्याची नळी काढा. कल्पनाच नको वाटते. पण तासभर पूर्ण आच ठेवली तरी दहा हजार बीटीयूची ग्रिल सव्वादोनशे ग्रॅमसुद्धा खात नाही. हीटर तेवढ्याच वेळात त्याच्या अडीच-तीन पट खातो. घर हलवावं लागलं तर ते हीटरमुळे.

वर्षातून दोनतीन मुक्काम, तेही उन्हाळ्यात, असा तुमचा प्रकार असेल तर मी गाडीला भोक पाडायला सांगणार नाही. बाटली पुरेल. ग्रिल आवडती आहे आणि तिचा रेग्युलेटर निघत नाही, तर टी वाईट नाही. नळी चांगली घ्या, रोज झडप बंद करा. थंडीत जाणारे, दोन दोन आठवडे एका जागी राहणारे, त्यांनी मात्र ग्रिल विकत घ्यायच्या आधीच तिच्या नॉबमागे दाब किती आहे ते विचारून घ्यावं.

त्या सात अर्धवट बाटल्या मी सकाळच्या चहाला एकेक करून संपवत आणल्या. आता एकच उरली आहे. गेले चार मुक्काम मी तिला शेवटची म्हणतोय, आणि हलवली की आत अजून चुळकतं.