बाराशे रुपयांचा ब्लॉगवर्ग आणि शिफ्ट-एनचा ळ

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, आटोपली, माहेरी आलेल्या नणंदा आपापल्या गावी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नाव घातलं. बोर्डावर लिहिलं होतं, 'शिक्षकांसाठी ब्लॉग व डिजिटल साधने. १२ दिवस. फी १,२०० रुपये. प्रमाणपत्रासह.' क्लासचं नाव सांगत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती लहान नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. वय ४९. मोबाईल मला येत नव्हता असं मुळीच नाही. ग्रुपवर 'आजच्या आज लिंक भरा' आलं की भरत होते, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी अ‍ॅपवरचे व्हिडिओ मुलांना दाखवत होते. पण हे सगळं दुसऱ्यांनी केलेलं दाखवायचं, नाहीतर दुसऱ्यांना हवं ते भरायचं. माझ्या वर्गातली पोरं काय बोलतात, काय लिहितात, ते शाळेच्या फाटकाबाहेर कधी जातच नव्हतं. तेवढ्यासाठी गेले.

क्लास कृषी सेवा केंद्राच्या वर. जिन्यात खताच्या गोण्यांचा वास, वर पत्र्याचं छत, आठ मशीन आणि एक कूलर. खान्देशातला मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. आमच्या बॅचला सहा जण होतो. शिकवणारा पोरगा चोवीस-पंचवीसचा. तो आम्हाला मॅडम, सर म्हणायचा, आम्ही त्याला भाऊ. विप्रोची सुरुवात १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, हे तो दर दोन दिवसांनी असं सांगायचा की वाटावं, क्लास त्यांचीच शाखा आहे.

या भाऊंचा एक गुण मात्र लाखमोलाचा. ते माऊसला हात लावत नाहीत. माझा मुलगा पुण्याहून आला की 'आई, सरक' म्हणतो, पाच सेकंदांत काम करून देतो आणि मी होते तिथेच राहते. भाऊ हात मागे बांधून उभे राहायचे. "मॅडम, डावीकडे वर बघा. अजून वर. हां, आता तुम्हीच दाबा." चुकलं की चुकू द्यायचे. एकदा मी सगळा मजकूर पुसून बसले. ते शांतपणे म्हणाले, "कंट्रोल झेड," आणि पुढच्या मशीनकडे गेले.

पहिले तीन दिवस फक्त मराठी टायपिंग. हायस्कूलचे एक सर तिसऱ्या दिवशी उठून गेले, 'टायपिंगला का पैसे दिलेत?' म्हणत. मला विचाराल तर फीमधले निम्मे पैसे त्याच तीन दिवसांत वसूल झाले. भाऊंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: अमळनेर. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. अ हवा तर शिफ्ट दाबून डी. म सी वर. ळ म्हणजे शिफ्ट आणि एन. न व्ही वर, मात्रा एस वर, र जे वर. सहा वेळा चुकले, सातव्यांदा गाव उमटलं. दुसऱ्या दिवशी 'शेतकऱ्यांचा'. मी आयुष्यभर फळ्यावर हा शब्द लिहिलाय, पण कॉम्प्युटरवर साध्या र ला य जोडला की तो 'शेतकर्यांचा' होऊन बसतो, र य च्या डोक्यावर जातो. तिथे शिफ्ट-जे चा ऱ लागतो. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या ग्रुपवर येणारी पत्रं बघता इतरांनाही कुणी सांगितलेलं दिसत नाही.

चौथ्या दिवशी मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. त्यात माझ्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका, झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या. ब्लॉगवर चिकटवल्या तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे कुठेही मराठीच दिसणाऱ्या अक्षरांचे, नव्हते. आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात, फक्त फॉन्टमुळे डोळ्यांना मराठी दिसतात. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. भाऊंनी कन्व्हर्टर दाखवला. त्यातून काढल्यावर जोडाक्षरं तपासत दोन संध्याकाळी गेल्या, पण प्रश्नपत्रिका बचावल्या.

प्रत्यक्ष ब्लॉग उघडणं दहा मिनिटांचं काम निघालं. ब्लॉगर ही गूगलची सेवा, फुकट आहे. नाव द्या, पत्ता निवडा, लिहा, प्रकाशित करा. पण त्यानंतरचे तीन दिवस थीम, रंग, फिरत्या पट्ट्या आणि 'जाहिराती लावून कमाई' यांत घालवले. चौथीच्या वर्गाला कमाई कसली करायची? त्यातच 'मुलांचे फोटो नावासकट टाका, व्ह्यू वाढतात' असाही सल्ला मिळाला. तो मी तिथेच सोडला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी कुणाच्या लेकीचा चेहरा मी व्ह्यूसाठी टांगला नसता. आमच्या ब्लॉगवर मुलांचे हात दिसतात, वह्या दिसतात आणि पहिली नावं दिसतात.

आता तक्रार. वेळ वाचावा म्हणून क्लासने आम्हा सगळ्यांचे ब्लॉग स्वतःच्या एकाच ईमेलवर उघडले होते. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. जुलैमध्ये शाळेतून लॉगिन करायला गेले तर कोड क्लासच्या मोबाईलवर. भाऊ तोवर नोकरीला सुरतेला गेलेले. मालकाला फोन केला तर म्हणे, "ताई, मेंटेनन्सचे ३०० रुपये लागतील." माझ्या पोरांनी लिहिलेल्या अकरा नोंदी आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात! शेवटी भाऊंना फोन लावला. त्यांनी सुरतेहून सांगितलं तसं मी क्लासमध्ये जाऊन बसले आणि स्वतः केलं: सेटिंगमध्ये लेखक म्हणून माझ्या ईमेलला आमंत्रण, ते मोबाईलवर स्वीकारायचं, मग लेखकाचा अ‍ॅडमिन करायचा आणि क्लासचं खातं काढून टाकायचं. त्याआधी तिथूनच बॅकअपची फाइल उतरवून घ्यायची. वीस मिनिटं लागली. मालक शेजारी उभे राहून बघत होते. ३०० दिले नाहीत. बॅचमधल्या बाकीच्यांनाही फोन करून हेच सांगितलं.

शिकलेलं उपयोगी पडलं का, तर ऑगस्टमध्ये मी मुलांना सांगितलं, घरच्या आजीकडून आखाजीचं झोक्यावरचं एक गाणं आणि पाच अहिराणी शब्द आणा. आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), माले (मला), तुले (तुला) असे शब्द आले. ब्राउझरने एकूण एक शब्दाखाली लाल रेघ ओढली, ती आम्ही तशीच राहू दिली. गाण्यांचे आवाज ब्लॉगरवर थेट चढत नाहीत, गूगल ड्राइव्हवर ठेवून लिंक द्यावी लागते. ड्राइव्हला १५ जीबी फुकट, आम्हाला रग्गड. इथे चूक माझी झाली: लिंक 'सर्वांसाठी' करायची विसरले. आठवडाभर पालकांच्या परवानगीच्या विनंत्या माझ्या ईमेलवर येऊन पडत होत्या आणि मी समजत होते, कुणी ऐकतच नाही. मग एका नातीने वर्गाबाहेरच्या ओट्यावर आजीच्या कानाला मोबाईल लावला. आजी दचकल्या. "मना आवाज तठे कसा गया वं बाई?" दुसऱ्यांदा लावायला लावलं, तिसऱ्यांदा स्वतःच सोबत म्हणायला लागल्या.

याच गावात, प्रताप हायस्कुलात शिकवत असताना, साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढत. आम्ही वीज, डेटा आणि प्रमाणपत्र असून आठवड्याला एक नोंद टाकताना धापा टाकतो, हे मी हेडमास्तरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांना ऑनलाइन माहिती भरायची नव्हती, मॅडम."

प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं आहे, त्यात माझं आडनाव चुकलंय. टायपिंग शिकवणाऱ्या क्लासकडून!

तरी पाचपैकी साडेतीन देते. त्यातले तीन भाऊंचे, म्हणून जाण्याआधी सध्या कोण शिकवतं ते विचारा. ईमेल स्वतःचा घेऊन जा आणि पहिल्याच दिवशी सांगा की ब्लॉग याच्यावर उघडणार. सकाळची बॅच धरा, दुपारी कूलरमधलं पाणी संपलेलं असतं. आणि खिडकीजवळचं तिसरं मशीन रिकामं दिसलं तरी बसू नका. त्याचं एन बटण चालत नाही, ल पण गेला आणि ळ पण. तिथे बसून अमळनेर लिहून होत नाही.