भाड्याची ड्रेपरी: पेशवाईपासून प्लेगपर्यंत सगळं एकाच ट्रंकेत

पुण्यात ऐतिहासिक नाटक बसवायचं ठरलं की संहितेवर दोन महिने काथ्याकूट होतो आणि कपडेपटाच्या वाट्याला शेवटचे चार दिवस येतात. मग पेठेतल्या ओळखीच्या ड्रेपरीवाल्याला, म्हणजे नाटकाचे कपडे आणि सामान भाड्याने देणाऱ्याला, फोन जातो: पेशवाई आहे, बारा माणसं, रविवारी सकाळचा प्रयोग. शनिवारी संध्याकाळी ट्रंका हजर. हे परीक्षण त्या ट्रंकांचं आहे. दुकान कुठलं, याला फारसा अर्थ नाही. माल जवळपास सगळीकडे सारखा असतो आणि एकाकडे नसलेला नग तो दुसऱ्याकडून आणून देतो.

सेवा म्हणून नाव ठेवायला जागा कमी आहे. माल वेळेवर येतो, सोबत येणारा माणूस दहा मिनिटांत चार जणांना धोतर नेसवून मोकळा होतो, आयत्या वेळी तुटलेली नथ बदलून देतो. भाडं नगावर आणि प्रयोगावर असतं. रंगीत तालमीचा दिवस बहुतेक ठिकाणी वेगळा धरतात, ते आधीच बोलून घ्यावं, नाहीतर अनामत परत घेताना वाद होतो.

अडचण वेगळीच आहे. दुकानात इतिहासाचे कप्पे तीनच: शिवकाल, पेशवाई आणि इंग्रज. पेशवाई म्हणजे १७१३ ते १८१८, शंभराहून जास्त वर्षं, पण अंगरखा एकच. नाटककाराने विचार करून घेतलेली सूट आणि ट्रंकेतून नकळत आलेली चूक प्रेक्षकाला सारखीच दिसते, आणि शिव्या मात्र नाटककाराला बसतात.

सर्वांत मोठी चूक सिंहासनाची. नारायणरावाच्या खुनावरचं नाटक म्हटलं की दुकानातून सिंहाच्या हातांचं, सोनेरी पत्र्याचं सिंहासन येतं. पेशवा हा छत्रपतींचा पंतप्रधान. सिंहासन साताऱ्याला, पेशवेपदाची वस्त्रंही साताऱ्याहूनच यायची. नारायणरावाला ती १७७२ च्या डिसेंबरात मिळाली. शनिवारवाड्यात हवी गादी, मागे लोड, बाजूला तक्के. सिंहासन मांडलंत की पेशवा मालक होऊन बसतो आणि 'वस्त्रं मिळाली' या वाक्याचा अर्थच जातो. दोन गाद्या एकावर एक, वर पांढरी चादर, एक लोड, दोन तक्के: हे भाड्यात सिंहासनापेक्षा स्वस्त पडतं. शिवाय एका माणसाला दहा सेकंदांत आत नेता येतं. सिंहासनाला दोघं लागतात आणि अंधारात ते विंगेला हमखास आपटतं.

दुसरी गोष्ट मशालींची. या नाटकाला दुकानदार न सांगता सहा मशाली देतो, प्रकाशयोजनाकार निळी रात्र करतो आणि गारदी, म्हणजे वाड्यावरचे भाडोत्री शिपाई, अंधारातून येतात. खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला, गणेशोत्सवात, भर दुपारी. सकाळी पर्वतीला जाऊन आलेला अठरा वर्षांचा पेशवा जेवून आडवा झाला होता. रात्र ठेवायची असेल तर जरूर ठेवा, रंगमंचावर अंधाराला काम असतं. पण दुपार करून बघा. वाड्यात वर्दळ आहे, लख्ख ऊन आहे आणि त्या उजेडात गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग याची माणसं हत्यारं घेऊन आत शिरतात. हे जास्त अंगावर येतं आणि मशालींचं भाडंही वाचतं.

'ध चा मा' बाबत आमचं मत सरळ आहे. 'धरावे'चं 'मारावे' केलेला कागद कुणी दाखवू शकलेलं नाही. ती सांगोवांगी चालत आलेली गोष्ट आहे. 'काका, मला वाचवा' हेही तसंच. नाटकाने दोन्ही घ्यावं, हक्क आहे. फक्त मग जाहिरातीत 'अस्सल कागदपत्रांवर आधारित' असं छापू नये. आणि कागद दाखवायचाच तर निदान कागदासारखा दाखवा. भाड्याने मिळणारा खलिता म्हणजे संगणकावर छापलेली देवनागरी, कडा जाळलेल्या, दोन्ही टोकांना लाकडी दांडी. त्या काळचं पत्र मोडीत. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग अक्षरं त्यांना लटकवत जायचं, शब्दांत जागा सोडायची नाही, तारीख 'छ' घालून मुसलमानी महिन्यात. हातकागदाचा लांब ताव, बोरू आणि काळी शाई आणून मोडी जाणणाऱ्याकडून एका तासात होतं. पुण्यात मोडी शिकलेली माणसं सापडायला अवघड नाहीत. एका अक्षरावर नाटक उभं असताना ते अक्षर पहिल्या रांगेतल्या माणसाला चुकीच्या लिपीत दिसावं, ही गंमत परवडणारी नाही.

कपड्यांकडे येऊ. अंगरखे पॉलिएस्टरचे, पुढे वेल्क्रो. कपडे पटकन बदलायला सोयीचे, पण शांत प्रसंगात वेल्क्रो सुटल्याचा चर्रकन आवाज कॉलर माइकमधून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. घरी नेऊन वीतभर लांबीचे चार बंद शिवून घ्या आणि परत करताना उसवा. दुकानदाराला आधी विचारलं तर तो नाही म्हणत नाही. प्लास्टिकची जर एलईडीखाली पांढरी चकाकते, म्हणून रंगीत तालीम प्रयोगाच्याच दिव्यांत करावी. अंबर फिल्टर टाकला की बरीच निभावते. झगझगीत राणी किंवा जांभळा रंग १७७३ च्या प्रसंगात टाळा, कृत्रिम रंगांची सुरुवातच १८५६ ची.

पगडी हा स्वतंत्र त्रास. दुकानात आहे ती पुणेरी पगडी, म्हणजे रानडे-टिळकांच्या फोटोंतून आपल्याला माहीत झालेली, एकोणिसाव्या शतकातली. १८९७ च्या नाटकाला ती चालेल. नारायणरावाच्या दरबारात बारा जणांना तीच घातली की दरबाराची व्याख्यानमाला होते. पुन्हा मापही एकच, साधारण २२ इंच. साडेतेवीसच्या डोक्यावर ती वर तरंगते आणि एकवीसच्या डोक्यावरून मुजऱ्यात खाली येते. आतून अर्धा इंच फोमची पट्टी लावा. आतला पुठ्ठा घामाने मऊ होतो, म्हणून मध्यंतरात काढून पंख्याखाली ठेवा. मुख्य पात्रांच्या पगड्या करून घेणं उत्तम. गर्दीला भाड्याच्या चालतात, मागे उभं करायचं.

शिवलेली नऊवारी घेऊच नये. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्याचा घेर आणि ओचा इलॅस्टिकच्या कमरेवर येत नाही, आणि बाई खाली बसली की ते लगेच कळतं. सुती इरकली विकत घ्या, नेसवणारी बाई बोलवा.

'इंग्रज' कप्पा सगळ्यांत कच्चा. चापेकरांवरच्या नाटकात प्लेगची घरझडती घेणारे सोल्जर लाल डगल्यात येतात. १८९७ पर्यंत हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींचा कामाचा पोशाख खाकी झाला होता, डोक्यावर सोला हॅट. खाकी मिळते ती आजच्या पोलिसांची, खांद्यावर नायलॉनची दोरी. ती काढून टाका, पट्टा कातड्याचा घ्या. पेट्रोमॅक्स परत पाठवा, तो पुढच्या शतकातला. रॉकेलचा कंदील बरोबर आहे (१७७३ ला मात्र तोही नाही, तिथे समई).

गणेशखिंडीच्या प्रसंगाला रथासारखी गाडी भाड्याने देऊ करतात. नको. २२ जून १८९७ ची रात्र आहे, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून प्लेग अधिकारी रँड गव्हर्मेंट हाउसमधून, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून, निघाला आहे. दोन गाडीदिवे, टापांचा आवाज आणि अंधारातून 'गोंद्या आला रे' एवढं पुरतं. गोळीचा क्यू वाक्यावर देऊ नका, हात वर जाण्यावर द्या, नाहीतर आवाज मागून येतो आणि प्रेक्षक हसतात. संहितेत मात्र एक तपासा: मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैपर्यंत जगला. दोघांना एकदम मारणं सोपं, पण त्यात ते अकरा दिवस, त्यातली शहराची भीती आणि कुजबुज फुकट जाते. ही सूट नाटकाच्याच तोट्याची आहे.

उलट उदाहरण पुण्यातलंच. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. नाना फडणविसांच्या चित्रणावरून गदारोळ उठला, पण त्यातली नटांनीच रांगेत उभं राहून केलेली माणसांची भिंत बघून हा शनिवारवाड्याचा पुरावा आहे असं कुणाला वाटणं शक्य नव्हतं. आपण इतिहास सांगत नाही, हे रंगमंचच सांगत होता. ट्रंकेतल्या मखमलीला हे जमत नाही. ती खऱ्याचा आव आणते.

तर घ्यावं काय? तलवारी, ढाली, समया, तबकं, पानदान, लोड-तक्के, अबदागिरी, धोतरं, उपरणी. हा माल चांगला आहे. तलवार घेताना मूठ हलवून बघा, टोक गोल केलेलं आहे ना ते बोटाने तपासा, आणि सिंहाच्या तोंडाच्या मुठी बाजूला काढा. दागिन्यांत तन्मणी, चिंचपेटी, गोठ, पाटल्या मागून घ्या; न सांगता कोल्हापुरी साज येतो. यादी दोन प्रतींत करा, प्रत्येक नगाचा फोटो काढा, आधीच फाटलेलं तिथेच दाखवून लिहून घ्या. प्रयोगानंतर घामट अंगरखे घडी करून ट्रंकेत कोंबू नका. रात्रभर दोरीवर टाकून सकाळी परत करा. पुढचा प्रयोग दुसऱ्या कुणाचा तरी त्याच दुपारी असतो.